ओरडलं की थांबतो, दोन दिवसांनी पुन्हा तेच: कुत्र्याला शिस्त लावताना गाडी अडते कुठे?

"ओरडलं की लगेच कान पाडतो, शेपूट पायात घालतो. कळतं हो त्याला सगळं! पण दोन दिवस गेले की पुन्हा तेच."

कुत्रा असलेल्या घरांतून मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार ही. कुणाकडे घरात शू करण्याचा प्रश्न असतो, कुणाकडे बेल वाजली की भुंकण्याचा, कुणाकडे पट्टा ओढण्याचा, तर कुणाकडे खाण्याच्या भांड्याजवळ गुरगुरण्याचा. सूर मात्र एकच. रागावलं की थांबतं आणि परत सुरू होतं. मग आवाज चढतो, वर्तमानपत्राची सुरळी हातात येते आणि एक दिवस कुणीतरी चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, आणून देतं.

तुमच्या घरी गोष्ट इथवर आली असेल तर आधी एवढं मान्य करू या: तीच शिक्षा दर आठवड्याला करावी लागत असेल, तर ती लागू पडलेली नाही. वर्तनाच्या अभ्यासात शिक्षा म्हणतात ती जिच्यामुळे ते वागणं पुढे कमी होतं तिला. ओरडल्यावर कुत्रा तेवढ्यापुरता थांबतो, कारण तो दचकतो. आणि त्या क्षणी घरात शांतता होते, म्हणून ओरडण्याची सवय आपल्याला लागते. शिकतो तो माणूस. कुत्रा होता तिथेच राहतो.

पुढचं सगळं वाचण्याआधी एक काम करा. वागणं अचानक बदललं असेल, म्हणजे तीन वर्षं घरात एक थेंब न सांडणारी कुत्री गेल्या आठवड्यापासून हॉलमध्ये शू करते आहे, किंवा कधी न गुरगुरणारा कुत्रा उचलायला गेलं की गुरगुरतो आहे, तर आधी डॉक्टरकडे जा. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, कानातला संसर्ग, कंबरेचे सांधे, आपल्याकडे नेहमी दिसणारा गोचीड ताप, यांपैकी काहीही असू शकतं. दुखतंय म्हणून गुरगुरणाऱ्या जनावराला शिस्त लावायला जाऊ नका.

घरातली शू

खालच्या मजल्यावरच्या काकांकडे एक लॅब्रॉडॉर होता, सात महिन्यांचा. घरात शू दिसली की काका त्याला पट्ट्याला धरून त्या जागेवर न्यायचे, नाक खाली दाबायचे आणि दोन फटके द्यायचे. त्यांच्या वडिलांनी गावाकडे तसंच केलं होतं. महिनाभर हे चाललं. त्यानंतर त्यांनी मला सांगितलेली गोष्ट मला आजही जशीच्या तशी आठवते: "आता तो माझ्यासमोर कधीच करत नाही. पण सोफ्याच्या मागे करतो. आणि खाली नेलं तर अर्धा तास फिरवून आणलं तरी करत नाही, घरात पाऊल टाकलं की पडद्यामागे जातो."

काकांना हा लबाडपणा वाटत होता. कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर हिशेब सरळ आहे. शू केल्यावर बक्षीस किंवा शिक्षा जोडायची असेल तर ती त्याच क्षणी, एखाद-दुसऱ्या सेकंदात व्हावी लागते. काकांची शिक्षा यायची तासाभराने. त्या वेळी कुत्रा काय करत असायचा? दारात येऊन शेपूट हलवत असायचा. कधी त्यांनी त्याला शू करताना पकडलंच, तर त्यातून तो शिकला ते एवढंच, की हा माणूस समोर असताना शू करणं धोक्याचं. मग पट्ट्याचं दुसरं टोक त्याच माणसाच्या हातात असताना तो खाली शू कशी करेल? तो शिक्षेतून बरोबर धडा शिकला होता. आपल्याला हवा होता तो धडा वेगळा होता.

"पण त्याला अपराधी वाटतं, चेहऱ्यावर दिसतं," हे ठरलेलं उत्तर. यावर अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने 2009 मध्ये एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. 14 कुत्रे. मालकाने खाऊ समोर ठेवून "खायचं नाही" म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. मालक परत येताना त्याला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही याचा त्या पडलेल्या चेहऱ्याशी संबंध निघाला नाही. संबंध निघाला तो मालक रागावला की नाही याच्याशी. खाऊला तोंडही न लावलेल्या कुत्र्यांना रागावलं तेव्हा तर तो "अपराधी" चेहरा सगळ्यात ठळक दिसला. पाडलेले कान, चोरलेली नजर, जमिनीलगत हलणारं शेपूट, हे सगळं कुत्रा म्हणतोय "रागावू नका" म्हणून. कशासाठी रागावलात हे त्याला माहीत असेलच असं नाही.

काकांना मी जे सांगितलं तेच इथे सांगते. मागची सगळी शिक्षा आज बंद. घरात शू सापडली तर गप्प राहून पुसायची. फिनेलचा उग्र वास आपल्या नाकाला शू झाकतो, कुत्र्याच्या नाकाला नाही. एन्झाइम असलेलं क्लीनर मिळालं तर उत्तम, नाहीतर आधी साध्या पाण्याने, मग व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसा आणि वाळल्यावर खायचा सोडा टाकून झाडून घ्या. पिल्लू झोपेतून उठलं की, खाल्लं की, खेळून दमलं की लगेच खाली न्या. दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरू शकत नाही, तो त्याच्या मूत्राशयाचा प्रश्न आहे. खाली त्याच एका कोपऱ्यात उभं राहा, मोबाईल खिशात ठेवा आणि शू संपता संपता, तिथल्या तिथे, हातातला खाऊ द्या. घरात येऊन डब्यातून काढून दिलात तर ते बक्षीस घरात येण्याचं झालं. आणि लगेच परत फिरू नका. शू केली की फिरणं संपतं हे कळलेला कुत्रा शू लांबवत नेतो.

ज्याला तुमची भीती बसली आहे त्याच्यासाठी लांब दोरी बांधा, पाच-सहा मीटरची, आणि त्याच्याकडे पाठ फिरवून उभं राहा. काकांच्या लॅबने नवव्या दिवशी पार्किंगमागच्या गवतात, काका समोर असताना शू केली. काका तिथे उभ्या उभ्या रडले. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. त्या माणसाला महिनाभर आपण काय करत होतो ते त्या एका क्षणात कळलं होतं.

पाहुणे आले की, किंवा तुम्ही वाकलात की दोन थेंब सांडणारी कुत्री असतात. ती वेगळी गोष्ट. तिथे रागावणं म्हणजे आगीत तेल. वाकू नका, डोळ्यांत बघू नका, बसून बाजूने हात पुढे करा. बहुतेक पिल्लांचं ते वयाबरोबर जातं.

गुरगुरणं

या बाबतीत चूक झाली तर किंमत फार मोठी असते.

कुत्रा जेवतोय, तुम्ही जवळून जाता आणि तो गुरगुरतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपल्यावर गुरगुरतो म्हणजे काय? आत्ताच मोडायला हवं." मग भांडं हिसकावून घेतलं जातं, किंवा त्याला उताणं पाडून गळ्याशी दाबून धरलं जातं. दोन-चार वेळा असं झालं की गुरगुरणं थांबतं. घरात समाधान. आणि मग तीन महिन्यांनी भाचा सुट्टीत येतो, चेंडू उचलायला भांड्याजवळ वाकतो आणि कुत्रा "काही न सांगता" चावतो.

सांगत होता की. आपण सांगायची सोय काढून घेतली. भांड्याजवळ कुणी आलं की पोटात होणारी भीती तशीच राहिली, उलट वाढली, कारण माणूस आला की भांडं खरंच जातं हे आता सिद्ध झालं होतं.

एकदा नीट बघा, दुरून. गुरगुरण्याच्या आधी बरंच काही घडतं. खाण्याचा वेग वाढतो. मग एकदम थांबतो, तोंड भांड्यातच. मान ताठ होते, डोकं खाली जातं, खांदे भांड्यावर येतात. डोळा तुमच्याकडे वळतो पण डोकं वळत नाही, त्यामुळे बुबुळाच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. ओठ मिटलेले, मिशांची मुळं किंचित पुढे. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. माझ्या चिंगीला, ती गावठी कुत्री आहे आणि रस्त्यावर चार महिने काढून घरी आली होती, मी पहिल्या आठवड्यात पाहिलं तेव्हा ती गुरगुरलीही नव्हती. नुसती गोठली होती. मी तिथून मागे सरले. त्या क्षणी मागे सरल्याने कुत्रा "डोक्यावर बसत" नाही. त्याला कळतं की आपलं म्हणणं पोहोचलं, आता दात वापरायची गरज नाही.

सुधारायचं कसं? आधी अंतर शोधा. किती पावलांवरून गेलं तर त्याचं अंग सैल राहतं? समजा आठ पावलं. तर आठ पावलांवरून चालत जाता जाता भांड्यातल्यापेक्षा चांगलं काहीतरी, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा, भांड्याच्या दिशेने टाका आणि न थांबता पुढे जा. दिवसातून दोन जेवणं, प्रत्येक जेवणाला तीन-चार वेळा, बस्स. काही दिवसांनी तुम्ही दिसलात की तो भांड्यातून डोकं वर काढून तुमच्याकडे बघेल, शेपूट सैल हलेल. तेव्हा सात पावलं. घाई केलीत आणि मान ताठ झाली तर पुन्हा दोन पावलं मागे. चिंगीला भांड्याशेजारी माझं उभं राहणं चालायला पाच आठवडे लागले.

"लहानपणापासून भांड्यात हात घालायची सवय लावा" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो ऐकू नका. कुणी तुमच्या ताटात रोज हात घातला तर तुम्हाला सवय होईल की चीड येईल? हात काहीतरी देण्यासाठीच आला पाहिजे. मोजा पळवला, औषधाची पट्टी तोंडात धरली, तरीही पाठलाग करून जबडा उघडू नका. बदल्यात काहीतरी द्या आणि "सोड" शिकवा. आणि हे सगळं चालू असताना घरात लहान मूल असेल तर कुत्र्याचं जेवण बंद दाराआड. यात सूट नाही. दात लागलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, कुत्रा घरचा असला आणि त्याला लस दिलेली असली तरी. आणि आधी कधी चावा घेतलेला कुत्रा असेल तर हे प्रयोग एकट्याने करू नका.

उताणं पाडून दाबण्याबद्दल आकडे उपलब्ध आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वर्तन-चिकित्सालयात आलेल्या 140 कुत्र्यांच्या मालकांना विचारून केलेला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली होती, त्यांच्यापैकी 43 टक्के लोकांचा कुत्रा उलटून आक्रमक झाला होता. तोंडातली वस्तू जबरीने काढण्यात 39 टक्के, उताणं पाडण्यात 31 टक्के, डोळे रोखून बघण्यात 30 टक्के. हे मुळात अडचण घेऊन आलेले कुत्रे होते हे खरं. पण आपणही ही शस्त्रं अडचणीच्या कुत्र्यावरच काढतो.

"त्याला आपण प्रमुख आहोत हे दाखवावं लागतं, लांडग्यांच्या कळपात असंच असतं" ही समजूत कुठून आली तेही सांगते, कारण अनेक चांगली माणसं तिच्यापायी कठोर होतात. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले लांडगे पाहून 1947 मध्ये लिहिलं. तिथे एकमेकांना अनोळखी लांडगे एकत्र ठेवलेले होते आणि ते भांडत होते. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ही कल्पना जगभर नेली. त्याच मेक यांनी पुढे कॅनडातल्या एल्समीर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे पाहिले आणि 1999 मध्ये स्वतःचं मत दुरुस्त केलं: जंगलातला कळप म्हणजे सहसा आई, वडील आणि त्यांची पोरं. जागेसाठी रोज कुस्ती करणारी टोळी नव्हे. ज्याने कल्पना पसरवली त्याने ती मागे घेऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, आणि आपल्या सोसायट्यांमध्ये अजून पिल्लं उताणी पाडली जातात. याचा मला मनापासून त्रास होतो.

बेल आणि पट्टा

बेल वाजते, कुत्रा भुंकतो, कुरिअरवाला पाकीट देऊन निघून जातो. कुत्र्याच्या दृष्टीने पाहा: भुंकलो आणि तो गेला. रोज, दर वेळी, शंभर टक्के यश. त्यात आपण आतून "गप्प बस!" ओरडतो ते त्याला आपणही सामील झाल्यासारखं वाटत असेल. इथे बेलचा अर्थच बदलावा लागतो. बेलचा आवाज मोबाईलवर घ्या, अगदी हळू वाजवा, आवाज झाला की दारापासून लांबच्या एका चटईवर खाऊ टाका. दिवसाला दहा-बारा वेळा. बेल म्हणजे चटई, हे पक्कं झालं की आवाज वाढवा, मग घरातल्या कुणालातरी खरी बेल वाजवायला लावा. चटईवर बसलेला कुत्रा दारात उड्या मारू शकत नाही.

पट्ट्याचंही तसंच. ओढलं की विजेच्या खांबापर्यंत पोहोचता येतं, म्हणजे बक्षीस खांबापाशी आहे आणि ते आपणच मागे मागे चालत त्याला देतो. पट्टा ताणला की जागच्या जागी थांबा. सैल झाला की चाला. पहिल्या दिवशी पन्नास पावलांना पंधरा मिनिटं लागतील, म्हणून हे शू-शीच्या फेरीत न करता वेगळी पाच मिनिटं पार्किंगमध्ये करा. पुढच्या बाजूला, छातीवर कडी असलेलं हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा, घ्या. गळ्यातला पट्टा ओढला गेला की डोळ्यांतला दाब वाढतो आणि हार्नेसने वाढत नाही, असं 2006 च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. चपट्या नाकाच्या पग जातीच्या कुत्र्याला तर गळ्यातल्या पट्ट्याने फिरवूच नका.

पट्ट्याला हिसका देण्यातला खरा धोका मात्र गळ्यापलीकडचा आहे. समोरून गेटबाहेरची कुत्री येते, आपला कुत्रा कुतूहलाने पुढे होतो, आपण हिसका देतो. त्या क्षणी तो काय बघत होता? ती कुत्री. दुखलं ते तिला पाहून. असं वीस वेळा झालं की तो कुत्री दिसताच भुंकायला लागतो, आणि आपण म्हणतो याला इतर कुत्री चालत नाहीत. चोक चेन आणि टोचरे पट्टे यात भर घालतात. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर वेल्सने 2010 मध्ये बंदी घातली. आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये जनावराला मारणं, लाथ घालणं आणि फार आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हे गुन्हे आहेत, घरच्या जनावरालाही ते लागू आहे.

मग रोखायचंच नाही का?

रोखायचं. मी रोज रोखते. "अहं" असा एक सपाट, न ओरडता काढलेला आवाज, आणि लगेच पुढे काय करायचं ते. "अहं, बस." नुसतं "नाही" म्हणून सोडलं तर कुत्र्याला हे कळत नाही की मग काय करू. आणि दिवसाला चाळीस वेळा उच्चारलेलं "नाही" पंख्याच्या घरघरीसारखं होतं, कुणाला ऐकू येत नाही. पिल्लू दात लावतंय? खेळ थांबवा, उठून अर्धा मिनिट दाराआड जा, परत या. दात लागले की माणूस जातो, ही शिक्षाच आहे, आणि ती नेमकी वेळेवर होते. चप्पल चावतोय? चप्पल कपाटात आणि त्याला चावायला त्याचं काहीतरी. यात हार मानल्यासारखं काही नाही. जी सवय लागलीच नाही ती मोडावी लागत नाही.

एवढं करूनही सवय सुटत नसेल तर घरातल्या माणसांकडे बघा. पाच जण "वर चढू नको" म्हणतात आणि आजी रात्री हळूच पोळीचा तुकडा देते. दहातून एकदा मिळणारा तुकडा रोज मिळणाऱ्यापेक्षा जास्त चिवट सवय लावतो. आजींवर चिडू नका, त्यांना त्याचं बक्षीस देण्याचं काम द्या. तो चटईवर बसला की तुकडा आजींनीच द्यायचा. आणि बक्षीस बंद केल्यावर पहिले काही दिवस वागणं आणखी वाढतं, जास्त भुंकतो, जास्त उड्या मारतो. नेमक्या त्याच वेळी माणसं हात टेकतात आणि तुकडा देऊन टाकतात. मग तो शिकतो की एवढं जोरात मागायला हवं.

फ्रीजवर एक कागद लावा. तारीख, वेळ, काय झालं, त्याच्या आधी काय घडलं होतं. चार रकाने, बस्स. काकांच्या कागदावर पाचव्या दिवशीच दिसलं होतं की शू नेहमी संध्याकाळी साडेसहाच्या आसपास होते, काकू दिवा लावायच्या वेळेला, जेव्हा सगळे आत असतात आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. फिरण्याची वेळ सात होती. ती सव्वासहा केली.

महिनाभर असं करून फरक पडत नसेल किंवा चाव्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर प्रशिक्षक जरूर शोधा. त्याला दोन प्रश्न विचारा: कुत्र्याचं बरोबर आलं तर तुम्ही काय करता, आणि चुकलं तर काय करता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. "कुत्रा महिनाभर माझ्याकडे सोडा, शिकवून देतो, मधे भेटायला येऊ नका" असं म्हणणाऱ्याच्या दारातून कुत्र्याला घेऊन परत या.